दोन खुणांच्या मध्ये

(घरामागची शेड, दुपार. बॉनेट उघडलेली दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार. मुलगी स्टिअरिंगपाशी बसली आहे. म्हातारा मेकॅनिक इंजिनावर वाकला आहे.)

उस्ताद : थांबा ताई, चावी फिरवू नका. आधी हात काढा तिच्यावरून.

मुलगी : काढला. पण डॉक्टर चहाच्या वेळेला येतो म्हणालेत, उस्ताद काका. त्याआधी गाडी एकदा सुरू झालेली मला बघायचीय.

उस्ताद : कोण, ते दातांचे डॉक्टर? येऊ द्यात. गाडीच्या नादाला लागलेलं गिऱ्हाईक पळून जात नाही. तुम्ही खाली उतरा आणि ही पट्टी बघा.

मुलगी : बाबा दर रविवारी काढून पुसायचे ती?

उस्ताद : तीच. ऑइल मोजायची. खाली ही एक खूण, वर ही दुसरी. ऑइल या दोघींच्या मध्ये पाहिजे. कमी झालं तर इंजिन उपाशी, जास्त झालं तर अजीर्ण.

मुलगी : आणि आत्ता?

उस्ताद : आत्ता बुडालीय. वरची खूण कुठे गेली ते शोधावं लागतंय. तुम्ही चावी फिरवली असतीत ना, तर फेस होऊन मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर आलं असतं, आणि धुराने शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले असते.

मुलगी : म्हणजे जास्त भरलं गेलं.

उस्ताद : भरलं गेलं? भरणारा मीच ना? मास्तर गेल्यावर तुम्हीच फोन केलात. बाबांचा नियम होता, वर्षातून दोनदा ऑइल बदलायचं, गाडी चालो न चालो, तर या आणि करून जा. मी आलो. जुनं काढलं, नवा फिल्टर लावला आणि दोन खुणांच्या बरोबर मधोमध भरलं.

मुलगी : चूक कोणाकडूनही होते, काका. घरात तेव्हा माणसांची ये-जा होती. तुमचंही मन थाऱ्यावर नसेल.

उस्ताद : मन नसेल थाऱ्यावर, हात असतो. इतकी वर्षं या गाडीला हात लावतोय, मास्तरांनी कधी माझ्यावर असा संशय घेतला नाही.

मुलगी : घेत होते.

उस्ताद : काय?

मुलगी : तुम्ही फाटकाबाहेर गेलात की ते पट्टी काढून पुन्हा बघायचे. दर वेळी. टॉर्च माझ्या हातात असायचा.

उस्ताद : मास्तर बघायचे?

मुलगी : आणि बघून झालं की म्हणायचे, "उस्ताद आहे लेकाचा." त्यावरूनच तर तुम्हाला आम्ही उस्ताद म्हणायला लागलो.

उस्ताद : लबाड माणूस. माझ्या तोंडावर म्हणायचे, "तुझ्यावर डोळे मिटून विश्वास आहे बघ." मी घरी जाऊन बायकोला सांगायचो.

मुलगी : विश्वास होताच. फक्त डोळे उघडे ठेवून होता.

उस्ताद : बरं. पण मग आता खरं सांगतो, तुम्हाला नको असलेलं. माझ्या हातून जास्त पडलेलं नाही. गाडी त्यानंतर इथून हललेली नाही. तरी ऑइल वाढलंय. आपोआप वाढतं ते दोनच कारणांनी. पेट्रोल गळून आत उतरतं, नाहीतर आतली पाण्याची वाट फुटते. जुन्या इंजिनाला दोन्ही दुखणी होतात.

मुलगी : म्हणजे काय करायचं?

उस्ताद : उघडायचं. सगळं इंजिन बाहेर काढून टेबलावर. आणि उघडलं तरी आतले भाग आता मिळतात कुठे? डॉक्टर चालती गाडी बघायला येणार आहेत. त्यांना हे सांगितलं की ते आल्या पावली जातील. मग राहतो भंगारवाला.

मुलगी : नाही.

उस्ताद : नाही म्हणजे?

मुलगी : भंगारात नाही.

उस्ताद : ताई, विकायचीच आहे ना? एकदा फाटकातून गेली की डॉक्टरांकडे गेली काय आणि वजनकाट्यावर गेली काय, तुम्हाला कुठे दिसणार आहे?

मुलगी : डॉक्टरांकडे गेली तर कोणीतरी तिचं ऑइल बदलत राहील. मला तेवढं ठाऊक असलं की पुरे होतं.

उस्ताद : मग ठेवा की. विकताय कशाला?

मुलगी : आईसाठी.

उस्ताद : वहिनी म्हणाल्या?

मुलगी : म्हणाली नाही. पण मी सुट्टीला घरी आले आणि गाडीचं नाव काढलं की ती उठून आत जाते. शेडकडची खिडकी लावून घेते. मागच्या खेपेला मी विचारलं, विकू या का. तर म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." काका, ती आयुष्यात मला असं कधी म्हणाली नव्हती. लग्न ठरवलं तेव्हाही नाही, मोडलं तेव्हाही नाही. दोन्ही वेळा तिला काय योग्य वाटतं ते तिने सविस्तर सांगितलं होतं.

उस्ताद : वहिनींचं मी समजू शकतो. ही गाडी म्हणजे त्यांची सवत. मास्तरांनी आणली त्या दिवशी मीच चालवत आणली होती, ते बाजूला बसले होते. वहिनी दारात उभ्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मास्तरांना म्हणाल्या, "घरात माणसं किती ते मोजून गेला नव्हतात का?"

मुलगी : तिघांच्या घरात दोन सीट. वर्गात अख्ख्या पृथ्वीचा भूगोल शिकवायचे, आणि घरची लोकसंख्या चुकली. हे तिने त्यांना कित्येक वर्षं ऐकवलं.

उस्ताद : मग फिरायला कोण जायचं?

मुलगी : मी. नियमच होता. ऑइल बदललं की गाडी पाण्याच्या टाकीच्या टेकडीपर्यंत न्यायची, वर पाच मिनिटं उभी करायची, खाली थेंब पडतो का बघायचं. आणि ऑइल बदलताना ज्याने टॉर्च धरला, त्याची ती पहिली फेरी. टॉर्च मीच धरायचे. आईची रविवारी हॉस्पिटलात दुपारची ड्यूटी असायची.

उस्ताद : दर रविवारी? नर्सबाईंना सुट्टीच नाही?

मुलगी : लहानपणी मला वाटायचं, नसेल. आता वाटतं, ती मागून घेत असेल.

उस्ताद : हं. बघा, डोक्यात विचार आला की हात थांबतात माझे. एक थेंब बोटावर घेऊन बघतो. पेट्रोल असेल तर वासच सांगेल.

मुलगी : सांगतोय?

उस्ताद : नाही. पेट्रोलचा वास नाही. जाडीही बरोबर आहे. चोळलं की बोटावर धरून राहतंय.

मुलगी : मग पाणी.

उस्ताद : पाणी असतं तर दुधाळ झालं असतं. हे बघा उजेडात. मधासारखं आहे. नुसतं चांगलं नाही, कालच ओतल्यासारखं आहे.

मुलगी : म्हणजे रोगी ठणठणीत आहे, आणि तुम्ही मघाशी त्याला टेबलावर घेऊन वजनकाट्यापर्यंत पोचवलंत.

उस्ताद : टोमणे मारू नका. मास्तरांची लेक शोभता. चांगलं ऑइल आपोआप वाढत नाही, एवढं मी लिहून देतो.

आई : काय आपोआप वाढत नाही? चहा झाकून ठेवलाय कधीचा. दोघांची कुजबूज काही संपत नाही.

मुलगी : आई, तू इकडे कशी आलीस?

आई : पायांनी. माझ्याच घरामागची शेड आहे. काय झालंय तिला?

मुलगी : काही नाही. तू आत जा, तुला इथे—

आई : मला इथे काय? भाऊजी, तुम्ही सांगा. हिला मी बोलायला शिकवलंय, पण अर्ध्या वाक्यात थांबते.

उस्ताद : इंजिनात ऑइल वाढलंय, वहिनी. बुडेपर्यंत वाढलंय. कुठून आलं ते कळत नाही. पाणी नाही, पेट्रोल नाही. आता उघडल्याशिवाय...

आई : वाढलं तर वाईट असतं?

उस्ताद : फार वाईट. चालू केली असती तर सगळी सीलं फाटली असती.

आई : मला वाटलं, कमी झालेलं वाईट.

मुलगी : आई?

आई : काय आई? ते दर रविवारी नाश्ता झाला की इथे यायचे, ती पट्टी काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे, आणि म्हणायचे, "पिते गं बाई तुझी सवत." मग डब्यातून थोडं ओतायचे. ड्यूटीला निघण्याआधी मी खिडकीतून बघत आलेय. मी म्हटलं, माणूस गेला म्हणून तिचं कशाला थांबवायचं.

मुलगी : तू ऑइल घालत होतीस?

आई : थोडंच. औषधाचा कप असतो ना, त्याने. एक कप. दर रविवारी.

उस्ताद : दर रविवारी? मास्तर गेल्यापासून?

आई : डबा संपला तेव्हा तोच रिकामा डबा दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, आजी, कुठल्या गाडीला हवंय? मी म्हटलं, लाल आहे, तोंडाळ आहे, हेच पिते, हेच द्या.

उस्ताद : वहिनी, अहो, मास्तर रविवारी ओतायचे कारण आठवडाभर ते गाडी चालवायचे. जुनं इंजिन चालताना ऑइल खातं. उभ्या गाडीला भूक नसते.

आई : हे मला कोणी सांगितलं? मला कोणी बसवलंय कधी त्यात, म्हणून कळणार?

उस्ताद : नाही, तेही खरं.

आई : जन्मभर वॉर्डात माझ्या हातून एक डोस चुकला नाही. आणि बघा, म्हातारपणी कोणाला पाजून मारायला निघाले.

मुलगी : आई, तू बस इथे. या स्टुलावर.

आई : मी बरी आहे. रडत नाहीये. तुझे बाबा आजारी होते तेव्हा सकाळी उठले की गोळ्या, मग इंजेक्शन, मग दुपारचं औषध, असा दिवस बांधलेला असायचा. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने उठले. हातात पाण्याचा ग्लास घेतला आणि द्यायचा कोणाला ते कळेना. रविवार उजाडला तेव्हा आठवलं, हिचा कप राहिलाय.

मुलगी : मग मी विकायचं म्हटलं तेव्हा बोलली का नाहीस?

आई : तू ज्या दिवशी येतेस त्या दिवशी रात्री शेडमध्ये जाऊन त्या सीटवर बसतेस. दार बंद करून. मला वाटलं, पोरीला जड जातंय. नजरेसमोरून जाईल तर बरं. माझ्या एका कपासाठी तुला कशाला अडकवू?

मुलगी : आणि मला वाटलं, तुला ती डोळ्यांसमोर नकोय. खिडकी लावून घेतेस म्हणून.

आई : खिडकी लावते कारण तू तिथे बसलेली असतेस. कोणी बसलं असलं की बघू नये.

उस्ताद : मी चहा आणतो तोवर. झाकलाय ना?

मुलगी : थांबा, काका. एक सांगायचंय. दोघांनाही.

आई : आता काय?

मुलगी : मागच्या खेपेला तू झोपली होतीस तेव्हा मीही ओतलं. अंदाजाने. पट्टी न बघता. बाबा नाहीत, तर तिला कोण देणार, म्हणून.

आई : किती?

मुलगी : कप नव्हता माझ्याकडे.

आई : म्हणजे माझ्यावरच सगळं बिल फाडत होतात मघापासून.

उस्ताद : देवा रे. मायलेकींनी मिळून गाडीला नुसतं पाहुणचाराने मारलं असतं. आणि मी इथे पाण्याची फुटलेली वाट शोधतोय.

मुलगी : आता काय होईल, काका? खरं सांगा.

उस्ताद : खरं? काहीच होणार नाही. दोघींपैकी एकीनेही ती चालवली नाही, म्हणून वाचली. ज्याने बिघडवलं त्यानेच वाचवलं म्हणा. सगळं काढतो, नवा फिल्टर लावतो, मधोमध भरतो. जुन्या ऑइलची तारीखही आलीच होती. जॅक द्या इकडे. आणि ताई, टॉर्च धरा.

मुलगी : आई धरेल.

आई : मला कुठे जमतंय? मला वाकवत नाही.

मुलगी : वाकायचं नाही. स्टुलावर बसूनच इथून खाली उजेड टाकायचा. असा. काका जिथे हात घालतील तिथे.

आई : शिरा शोधताना धरायचे तसा?

उस्ताद : अगदी तसाच. हां, तिथेच. आता नट सैल करतोय. ट्रे सरकवा, ताई. आणखी. येतंय बघा.

आई : किती स्वच्छ आहे गं. फुकट चाललं.

उस्ताद : वहिनी, उजेड ऑइलवर नको, माझ्या हातावर. हळहळ नंतर करा.

आई : तुम्ही हळू सोडा. घाई कसली आहे?

उस्ताद : घाई डॉक्टरांची आहे. ते येतील आता.

मुलगी : अरे हो. माझा फोन कुठाय? आई, तुला नक्की...

आई : मी टॉर्च धरलाय. मला काही विचारू नकोस.

मुलगी : हॅलो, डॉक्टर? निघालात का? नाही ना, बरं झालं. एक सांगायचं होतं. नाही, नाही, बिघाड काही नाही. उलट, फार नीट ठेवली गेलीय, जरा जास्तच. हो. आम्ही नाही विकत आहोत. मला माहितीय, मीच बोलावलं होतं. माफ करा. हो, आईलाही विचारलं. आत्ताच. नक्की. कधी त्या बाजूला आलो तर दाखवायला थांबवू. ठेवते.

आई : चिडले?

मुलगी : उसासा टाकला. मग म्हणाले, मीही विकली नसती.

उस्ताद : दाताचा डॉक्टर असून समजूतदार निघाला. हा नट बसला. आता नरसाळं धरा, ताई. वहिनी, तुमचं लक्ष पट्टीवर. मी ओततो, तुम्ही सांगा.

आई : मला सांगता येईल?

उस्ताद : औषधाचा कप आयुष्यभर डोळ्यांच्या रेषेत धरलात ना? मग. खालची खूण, वरची खूण.

आई : थांबा. थोडं. अजून एक घोट. बस. बस म्हणते ना.

उस्ताद : बस. फिरवा चावी, ताई. सकाळी बॅटरी भरून लावलीय, पेट्रोलही ताजं आहे. फक्त तिचं मन असलं पाहिजे.

मुलगी : फिरवते.

आई : ही नुसतीच खोकतेय.

उस्ताद : साल होत आलं तिने तोंड उघडलेलं नाही. पुन्हा, ताई. पाय हलका ठेवा. पुन्हा.

आई : झाली. भाऊजी, झाली सुरू. धूर येतोय पण.

उस्ताद : घसा साफ करतेय. जाईल तो. ऐका आता, एकसारखं. आतून कुठे टकटक येतेय का? नाही. शिवणयंत्रासारखी चाललीय. करा बंद, ऑइल खाली बसू द्या. माझं काम झालं. चहा मी आत जाऊन घेतो आणि तसाच पुढच्या दाराने निघतो.

मुलगी : काका, तुमचं...

उस्ताद : राहू दे पोरी. सहा महिन्यांनी येईनच. मास्तरांचा नियम आहे, चालो न चालो. पण चालव. एक सीट कमी पडायची म्हणून तुझी आई इतकी वर्षं... जाऊ दे.

आई : बोला की, भाऊजी. आता पुरतात.

उस्ताद : येतो, वहिनी.

आई : या.

मुलगी : पुढचं दार वाजलं. चहा संपवला वाटतं काकांनी.

आई : गेला का फाटकाबाहेर?

मुलगी : गेले.

आई : काढ ती पट्टी.

मुलगी : तूही?

आई : काढ म्हणते ना. आधी पूस. घाल. आता काढ. कुठे आहे?

मुलगी : दोन खुणांच्या मध्ये. बरोबर मधोमध.

आई : उस्ताद आहे लेकाचा.

मुलगी : तुला हेही ऐकू जायचं?

आई : मला सगळं ऐकू जायचं. टॉर्च कुठे ठेवू?

मुलगी : ठेवू नकोस, बरोबर घे. टाकीच्या टेकडीवर खाली थेंब पडतो का ते बघावं लागेल. ज्याने टॉर्च धरला त्याची पहिली फेरी, आई.

आई : तो तुमच्या बापलेकीचा नियम.

मुलगी : आई, तू रविवारची ड्यूटी मागून घ्यायचीस का?

आई : एक सीट होती. तू लहान होतीस. यात विचारण्यासारखं काय आहे? सर तिकडे, मला बसताना पाय आधी घालायचा की डोकं?

मुलगी : आधी बूड टेकव, मग पाय. हां.

आई : केवढी खाली आहे ही. रस्त्यावर बसल्यासारखं वाटतं. यासाठी भांडत होते मी त्यांच्याशी?

मुलगी : वर गेल्यावर सांग, भांडायला हवं होतं की नाही.

आई : मग आता येत्या रविवारी कप घालायचा की नाही?

मुलगी : आधी भूक लागू दे तिला. दर रविवारी टेकडीपर्यंत नेऊ, मग पट्टी बघू, मग तू ठरव. मी येत जाईन. आता ते दार ओढून घे. जोरात, नाहीतर लागत नाही.

आई : माहितीय मला. इतकी वर्षं तो आवाज ऐकतेय मी, स्वयंपाकघरातून.

मुलगी : आज आतून ऐक.